फुगा रिकामा राहिला त्याची गोष्ट

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. विषय दिलाय 'शाळेतली एक आठवण'. त्यावर निदान सहा जणांचे फोन आले की, 'ते कॉमिक्सच्या पोस्टरचं सांग.' सांगतो. पण आजवर प्रत्येक लग्नात आणि बारशात जसं सांगत आलो, तसं सांगणार नाही.

1983 सालचा जून. आम्ही आठवीत होतो. त्या काळात दप्तराची तपासणी व्हायची हे आठवत असेल. इंद्रजाल कॉमिक्सचा वेताळ सापडला, मँड्रेक सापडला, की ते पुस्तक जायचं मुख्याध्यापकांच्या कपाटात. अमर चित्र कथा सापडली तर मात्र सर जरा घुटमळायचे, कारण आत शिवाजी महाराज नाहीतर अभिमन्यू असायचा. ते जप्त कसं करणार?

आपल्या चित्रकलेच्या सरांनी मुख्याध्यापकांना गाठलं. पोरं चोरून वाचतातच, तर उघड वाचू द्या, शनिवारी शाळा सुटल्यावर माझ्या खोलीत बसू द्या, असं त्यांचं म्हणणं. मंडळाचं नाव ठरलं 'चित्रकथा मंडळ' आणि नियम एकच, 'एक आणा, एक न्या'. मुख्याध्यापक हो म्हणाले, पण अट घातली. महिनाअखेर 25 नावं आली तर मंडळ चालेल. नाही आली तर विषय संपला, आणि कपाटातली पुस्तकं रद्दीत. त्या कपाटात माझी स्वतःची चार होती.

पोस्टर करायचं काम मी मागून घेतलं. एलिमेंटरी परीक्षेत मला बी ग्रेड होती, त्यामुळे आत्मविश्वास भरपूर. ड्रॉइंग पेपरवर वेताळ, त्याचा घोडा, मँड्रेक, लोथार आणि बहादूर असे पाच जण कार्बन लावून उतरवले. खाली हिरव्यावर निळ्या अक्षरात, 'सर्व विद्यार्थ्यांना कळविण्यात येते की' इथून सुरुवात करून अकरा ओळी. सूचनाफलकावर फीच्या परिपत्रकाशेजारी ते लावलं. तीन दिवसांत चार नावं आली. त्यातलं एक माझं आणि एक माझ्या धाकट्या भावाचं.

आमच्या वर्गात एक जण शेवटच्या बाकावर बसायचा. त्याला सगळे 'पेंटर' म्हणायचे, कारण त्याचे वडील सिनेमाची बॅनरं रंगवायचे. लक्ष्मीपुरीत त्यांचं दुकान होतं. त्यानं माझं पोस्टर बघितलं आणि एवढंच विचारलं, "हे कुठनं वाचायचं?" मी म्हटलं, जवळ येऊन. तो म्हणाला, "मग कोण येतंय?"

गुरुवारी संध्याकाळी मी त्याच्या दुकानात गेलो. सरस उकळल्याचा वास आणि भिंतीला टेकवलेला एका नटाचा पुरुषभर उंचीचा अर्धा चेहरा. बाबूराव पेंटरांच्या गावात हे नवल नव्हे. 'सैरंध्री' काढणाऱ्या त्या माणसानं आपल्या सिनेमांची पोस्टरंही रंगवली होती, हे तिथं कामाला असलेल्या पोरालाही ठाऊक असायचं. त्याचे वडील ब्रश न थांबवता म्हणाले, "पोरा, रस्त्यावरचा माणूस थांबतोय व्हय? सायकलवरनं जाता जाता वाचतंय ते. तेवढ्यात काय दिसंल तेवढंच काढ."

पुढचे दोन दिवस मी नुसता बघत होतो. हे मात्र आजवर कधी कबूल केलेलं नाही.

त्यानं एक जुनं सिनेमाचं पोस्टर घेतलं, 30 बाय 40 इंचांचं, आणि पाठची कोरी बाजू वर केली. पिवळी पूड सरसात कालवून सगळा कागद पिवळा करून टाकला. पिवळ्यावर काळं सगळ्यात लांबून दिसतं, हे त्याला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नव्हतं. पाच नायकांपैकी चार त्यानं काढूनच टाकले. वेताळही ठेवला नाही. त्याच्या जागी आपल्या गणवेशातलं एक पोरगं, उघड्या पुस्तकात नाक खुपसलेलं, डोळे बशीएवढे. आधी वहीत लहान काढलं, त्यावर चौकटी पाडल्या आणि तेवढ्याच मोठ्या चौकटी कागदावर पाडून ते वाढवलं. सरळ रेघ हवी तिथं पट्टी नाही. गेरूत बुडवलेला दोरा दोन टोकांना ताणायचा आणि मध्ये एक टिचकी.

अक्षरांचं तर मला आजही आश्चर्य वाटतं. आपण नवशिके शिरोरेघ मारतो, अक्षरं लटकवतो आणि मग लक्षात येतं की वेलांटीला आणि अनुस्वाराला वर जागाच नाही. त्यानं आधी तीन पट्टे आखले. वरचा मात्रांचा, मधला अक्षरांचा, खालचा उकारांचा. 'चित्रकथा मंडळ' या दोन शब्दांत खाली काहीच येत नाही, म्हणून त्यानं खालचा पट्टा खाऊन टाकला आणि मधली अक्षरं तेवढी मोठी केली. त्याखाली 'एक आणा, एक न्या', वार आणि खोली. बस.

पोराच्या डोक्यावर बोलण्याचा एक मोठा पांढरा फुगा होता. त्यात काय लिहायचं ते मी ठरवायचं होतं. मी नेलेलं वाक्य चौदा शब्दांचं निघालं. तो म्हणाला, "चार शब्दांत आण, उद्या संध्याकाळपर्यंत." उद्या म्हणजे शनिवार, 25 जून.

आता हसू नका. त्या संध्याकाळी आपल्यातलं कोण कुठं होतं, ते प्रत्येकाला आठवतंय. मी शेजारच्यांच्या रेडिओला कान लावून बसलो होतो. आपण 183 वर आटोपलो तेव्हा उठून जाता आलं असतं. पण वेस्ट इंडीजचे गडी पडायला लागले आणि मी हाललो नाही. 140 वर सगळे बाद झाले, मग गल्लीत फटाके. फुगा माझ्या डोक्यातून पार गेला होता. रविवारीही गेलो नाही. तो दुकानात रात्री उशिरापर्यंत माझी वाट बघत थांबला होता, हे मला खूप नंतर कळलं.

सोमवारी सकाळी त्यानं पोस्टर तसंच आणून लावलं, रिकाम्या फुग्यासकट. तेही सूचनाफलकावर नाही, तर व्हरांड्यात पाण्याच्या टाकीशेजारी. मधल्या सुट्टीत तिथं रांग लागायची. रांगेत उभ्या पोराला दुसरं काम काय? कुणीतरी पेन्सिल काढली आणि फुग्यात लिहिलं, 'कपिल!' पुढच्यानं त्याखाली धावसंख्या लिहिली. दुपारपर्यंत फुगा भरला आणि पोरं पिवळ्या जागेवर लिहायला लागली. एकानं गणिताच्या सरांबद्दल जे लिहिलं ते आजही इथं सांगता येणार नाही, सर समोर बसलेत. शिपाईमामांनी ते ओल्या फडक्यानं पुसलं, तर सरसाचा रंगही निघाला आणि पोराचा एक कान गेला.

गुरुवारपर्यंत 61 नावं आली.

शनिवारी प्रार्थनेनंतर मुख्याध्यापकांनी मला पुढं बोलावलं, कारण काम मागून घेतलं होतं मी. म्हणाले, "फुगा रिकामा ठेवायची कल्पना कुणाची?" सगळी शाळा समोर उभी होती. मी म्हटलं, "माझी, सर." शाबासकी मिळाली, एक कंपासपेटी मिळाली, आणि जप्त केलेली पुस्तकं सगळ्यांना परत मिळाली. पेंटर आठवीच्या रांगेत शेवटी उभा होता. तो मला काही बोलला नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. नववीत त्यानं शाळा सोडली. त्याच्या वडिलांचे हात थरथरायला लागले होते आणि दुकान कुणीतरी बघायला हवं होतं.

या मेळाव्याची यादी दहावीच्या निकालावरून केली, त्यामुळे त्याचं नाव तीत नव्हतं. गेल्या महिन्यात मी त्याच्याकडे गेलो. फ्लेक्स आल्यावर बॅनरं संपली. आता तो गाड्यांच्या नंबरप्लेटी आणि दुकानांच्या पाट्या करतो. मी सगळं कबूल केलं. तो ऐकत होता, हातातला ब्रश चालूच. मग म्हणाला, "ते राहू दे रे. 'मंडळ'मधला 'ळ' जरा कललेला. ते मला अजून खटकतंय." कंपासपेटीचं मात्र त्याला आठवत होतं. कुठल्या रंगाची होती तेसुद्धा.

आज तो आलाय. नाव घेतलंस तर उठून जाईन, असं बजावलंय, म्हणून घेत नाही.

एक विनंती संपादक मंडळाला. शाळेच्या 1983-84 च्या वार्षिक अंकात त्या पोस्टरखाली माझं नाव छापलं आहे. स्मरणिकेत त्याची दुरुस्ती छापा. चित्र, अक्षरं, रंग आणि टाकीशेजारची जागा त्याची. फुग्यातला मजकूर माझ्याकडे होता, तो मी वेळेवर दिला नाही. नाव कसं लिहायचं ते त्यालाच विचारा. मागच्या रांगेत, पंख्याखाली बसलाय.