जुना लॅपटॉप, नवा डेस्कटॉप



आजचा विषय कांहींसा रुक्ष आहे, हें आरंभींच कबूल करतों. संगणकाच्या पोटांत जो प्रोसेसर असतो, त्याच्या एका जुन्या आणि एका नव्या नमुन्याची तुलना मला आपल्यापुढें मांडावयाची आहे. या विषयावर माझ्याहून अधिकारानें बोलणारे पुष्कळ आहेत. परंतु ही तुलना करतांना मीं एकदां ठळक चूक केली, आणि तिची किंमत मला नव्हे, दुसऱ्याच एका व्यक्तीला मोजावी लागली. त्या चुकीचा अभ्यास मीं मागाहून बराच केला; तेवढाच काय तो माझा अधिकार.

आमच्या गांवच्या सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारी मंडळांत मी आहें. एका गृहस्थांनीं आपल्या कचेरींतले चार जुने लॅपटॉप वाचनालयाला दिले होते. २००६ सालीं इंटेल कंपनीनें बाजारांत आणलेला 'कोअर टू ड्युओ टी ७२००' हा प्रोसेसर त्यांत होता. २०२३ च्या उन्हाळ्यांत मंडळापुढें प्रश्न आला कीं, याच यंत्रांवर भागवावें, कीं वर्गणी काढून एक नवा डेस्कटॉप घ्यावा? नव्या यंत्राचें दरपत्रक आलें होतें. त्यांत त्याच वर्षीं निघालेला एएमडी कंपनीचा 'रायझेन ५ ७६००' होता. मला या विषयांतलें कांहीं कळतें असा मंडळाचा समज होता, आणि तो मीं कधीं दूर केला नव्हता. मीं दोन्ही कागद शेजारीं शेजारीं ठेवले. जुन्यावर लिहिलें होतें २ गिगाहर्ट्झ, नव्यावर ३.८ गिगाहर्ट्झ. "सतरा वर्षांत पुरती दुपटीचीहि वाढ नाहीं," मी सभेंत म्हणालों, "मग एवढा खर्च कशासाठीं?" खरेदीचा ठराव तेथेंच बारगळला.

त्या पावसाळ्यांत एका स्पर्धापरीक्षेच्या अर्जाची मुदत संपण्याच्या दिवशीं एक मुलगी वाचनालयांत आली. अर्ज भरावयाचा तो इंटरनेटवरूनच. दुपारीं ती त्यांतल्या एका लॅपटॉपपुढें बसली, ती दिवे लागेपर्यंत. पान अर्धें उघडे आणि थिजून राही. छायाचित्र जोडावयास जावें, तों पहिल्यापासून सारें पुन्हां भरावें लागे. शेजारचीं दोन यंत्रें लावून पाहिलीं, त्यांचीहि तीच गत. शेवटची एस्. टी. तिला गांठावयाची होती. ती कांहीं बोलली नाहीं. टेबलावरचे दाखले एकेक करून पिशवींत भरले आणि निघून गेली. तिचा अर्ज त्या वर्षीं गेला नाहीं. मी तेथेंच उभा होतों.

त्या रात्रीं मीं ते दोन कागद पुन्हां बाहेर काढले.

गिगाहर्ट्झ म्हणजे काय? प्रोसेसरच्या आंत एक ताल चाललेला असतो. प्रत्येक ठोक्याबरोबर त्यांतलें काम एक पाऊल पुढें सरकतें. २ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला दोनशें कोटी ठोके, ३.८ म्हणजे तीनशें ऐंशी कोटी. नवा प्रोसेसर निकड पडल्यास पांचशें दहा कोटींपर्यंतहि जातो. हा आंकडा कागदावर बारीक अक्षरांत होता आणि मीं तो वाचलाच नव्हता. पण खरी चूक ती नव्हे. मीं ठोके मोजले. एका ठोक्यांत काम किती होतें, हें विचारलेंच नाहीं. छापखान्यांतलें पायानें चालविण्याचें लहान यंत्र मिनिटाला जितके ठसे उमटवितें, तितकेच ठसे मोठें यंत्रहि उमटवीत असेल. पण एकाच्या ठशाला दोन पानें निघतात आणि दुसऱ्याच्या ठशाला सोळा. ठसे मोजून पुस्तक केव्हां पुरें होईल हें सांगणाऱ्या माणसाला कोणताहि मुद्रक दाराबाहेरच काढील.

जुना कोअर टू एका ठोक्याला फार तर चार आज्ञा हातीं घेऊं शकतो; नवा रायझेन सहा. हा फरक लहान दिसतो. परंतु आज्ञा नेहमीं एकामागून एक सुरळीत येत नाहींत. एकीला दुसरीच्या उत्तराची वाट पाहावी लागते. अशा वेळीं हुशार कारकून काय करतो? एक कागद सहीसाठीं अडला, तर तो बाजूला ठेवून खालचे मोकळे कागद उरकून घेतो. प्रोसेसरहि हेंच करतो. जुन्या प्रोसेसरच्या टेबलावर एका वेळीं असे ९६ कागद मावत. नव्याच्या टेबलावर ३२० मावतात. शिवाय पुढचा कागद कोणता येणार याचा अंदाज आधींच बांधून कामाला लागण्याची कलाहि नव्याला अधिक साधली आहे. आणि असे कारकून जुन्याकडे दोन होते. नव्याकडे सहा आहेत, व त्यांतला प्रत्येक जण दोन कामांचे धागे एकदम सांभाळतो. एवढा पसारा मांडावयाला जागा हवी. जुन्या प्रोसेसरमध्यें सुमारें २९ कोटी ट्रान्झिस्टर होते. नव्याच्या ज्या तुकड्यांत गणिताचें काम चालतें, त्या एकट्यांतच सुमारें ६५० कोटी आहेत. जुना ६५ नॅनोमीटरचा आणि नवा ५ नॅनोमीटरचा, असेंहि दरपत्रकें सांगतात. पण त्यांतला पांचाचा आंकडा आतां कोणत्याहि भागाचें खरें माप राहिलेला नाहीं, तें व्यापारी नांव झालें आहे.

येथें थोडा इतिहास सांगितला पाहिजे, कारण माझ्या चुकीचें सर्वांत मोठें खंडण मी ज्याला कमी प्रतीचा पुरावा समजत होतों, त्या जुन्या लॅपटॉपमध्येंच दडलेलें होतें.

२००० नंतरचीं पहिलीं कांहीं वर्षें ठोक्यांच्या शर्यतीचीं होतीं. इंटेलचा 'पेंटियम ४' त्या शर्यतीसाठींच घडविलेला. ठोके वाढावेत म्हणून त्यांत एकाच कामाचे लहान लहान तुकडे पाडीत नेले. शेवटीं शेवटीं त्या रांगेला ३१ टप्पे झाले. टप्पा लहान म्हणून ठोका जलद. पण अंदाज एकदां चुकला कीं सारी रांग रिकामी करून पुन्हां भरावी लागे. २००४ सालीं हा प्रोसेसर ३.८ गिगाहर्ट्झला पोंचला. ४ गिगाहर्ट्झचा नमुना जाहीर झालेला होता; त्याच वर्षीं ऑक्टोबरमध्यें कंपनीनें तो रद्द केला. कारण उष्णता. नखाएवढ्या तुकड्यांतून शंभराहून अधिक वॉट निघूं लागले. ट्रान्झिस्टर लहान करीत गेलें तरी दर चौरस मिलिमीटरमागें लागणारी वीज वाढत नाहीं, असा नियम आयबीएम कंपनींतील रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांचे सहकारी यांनीं १९७४ मध्यें मांडला होता. तीस वर्षें त्या नियमानें उद्योगाला साथ दिली. मग ट्रान्झिस्टर इतके लहान झाले कीं, बंद असतांनाहि त्यांतून वीज झिरपूं लागली, आणि नियम सुटला.

त्याच सुमारास इस्रायलमधील हैफा येथें इंटेलचेच दुसरे अभियंते लॅपटॉपसाठीं प्रोसेसर घडवीत होते. त्यांच्यापुढें बॅटरी होती. उधळपट्टीची मुभा नव्हती. ठोके कमी ठेवावे, पण प्रत्येक ठोक्याला अधिक काम करावें, ही वाट त्यांनीं धरली. २००३ सालचा 'पेंटियम एम' त्यांचा, आणि २००६ सालचा 'कोअर टू' त्याच वंशांतला. गंमत अशी कीं, तोच आराखडा कंपनीनें डेस्कटॉपलाहि वापरला आणि पेंटियम ४ ला निरोप दिला. गरीब घरच्या काटकसरी सुनेच्या हातीं थोरल्या वाड्याच्या किल्ल्या आल्या म्हणाना! कोअर टूचे टप्पे केवळ १४, ठोके २ गिगाहर्ट्झचे. तरी बहुतेक कामांत तो ३.८ च्या पेंटियमला मागें टाकी.

आतां तो आंकडा पुन्हां पाहा. २००४ चा पेंटियम ३.८ गिगाहर्ट्झ, २०२३ च्या रायझेनचा नेहमींचा वेगहि ३.८ गिगाहर्ट्झ. एकोणीस वर्षांच्या अंतरानें तोच आंकडा! दोघांच्या कामांत मात्र जमीनअस्मानाचें अंतर. मी ज्या आंकड्यावर सभा जिंकली, त्याची एवढीच किंमत होती.

कामाला लागणारी माहिती जेथें असते, त्या मुख्य स्मृतीची गोष्ट आणखी निराळी आहे. तिला हांक मारल्यापासून उत्तर येईपर्यंत जुन्या यंत्रांत आणि नव्यांतहि ढोबळ मानानें ८० नॅनोसेकंद लागतात. यांत फारसा फरक पडलेला नाहीं. तेवढ्या अवधींत जुन्याचे १६० ठोके फुकट जातात, आणि पूर्ण वेगानें धांवणाऱ्या नव्याचे चारशें! धांवणारा जितका चपळ, तितका तो दारांत अधिक ताटकळतो. म्हणून नेहमीं लागणारी माहिती प्रोसेसरच्या अंगाशींच एका लहान कोठारांत ठेवतात. त्याला कॅश म्हणतात. जुन्याचें कोठार चार मेगाबाइटांचें होतें. नव्याचें शेवटचें कोठारच ३२ मेगाबाइटांचें आहे. ज्या घरांत विहीर अंगणांत आहे तेथें घागरी मोजीत बसण्याचें कारण उरत नाहीं. आणि जुन्या लॅपटॉपमधील फिरत्या चकतीवरून कांहीं आणावयाचें म्हटलें, तर बारा-पंधरा सहस्रांश सेकंद जातात. लहानसाच काळ, पण २ गिगाहर्ट्झच्या हिशेबानें कोट्यवधि ठोके! म्हातारा संगणक 'विचार करीत बसला आहे' असें आपण म्हणतों, तेव्हां तो बहुधा विचार करीत नसतो, वाट पाहात असतो.

मग त्या मुलीचा अर्ज कोणीं अडविला? साराच दोष प्रोसेसरच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. लॅपटॉपमध्यें स्मृति दोनच गिगाबाइट होती. त्यावरची विंडोज ७ ही प्रणाली २०२० च्या जानेवारींतच कंपनीनें वाऱ्यावर सोडली होती, आणि क्रोम ब्राउझरची त्या प्रणालीवर चालणारी शेवटची आवृत्ति १०९ वी; तिच्यापुढें वाट बंद. इंटरनेटवरचें आजचें जवळजवळ प्रत्येक पान गुप्तलिपींत येतें-जातें. ती लिपि सोडविण्याच्या खास आज्ञा इंटेलच्या प्रोसेसरमध्यें २०१० पासून आल्या. आमच्या यंत्राला तें काम साध्या बेरजा-वजाबाक्या करून उरकावें लागे. चलच्चित्र पाहावयाचें, तरी नव्यांत त्यासाठीं वेगळें मंडल असतें; जुन्याला आजच्या पद्धतीनें बांधलेलें चित्र स्वतःच सोडवावें लागतें, आणि पंखा घरघरूं लागतो. यांतलें एकच वैगुण्य असतें, तर अर्ज गेला असता. सारीं एका दुपारीं एकत्र आलीं, आणि त्यांतलें एकहि मला त्या दोन आंकड्यांत दिसलें नव्हतें.

दिवाळीनंतरच्या सभेंत मीं उभें राहून माझे शब्द परत घेतले. कोषाध्यक्षांनीं विजेचा मुद्दा काढला: जुना ३४ वॉटचा, नवा ६५ चा, आणि भरांत आला म्हणजे ८८ पर्यंत जाणारा; बिल कोण भरणार? प्रश्न योग्य होता. मीं सांगितलें कीं, एकच मोठें काम दोघांना दिलें, तर नवा तें थोडक्यांत आटोपून निजतो आणि जुना रेंगाळत वीज खातो. कामाच्या मोलानें वीज नव्याचीच स्वस्त पडते. पण नुसत्या टंकलेखनाला प्रोसेसरचें काम असतेंच किती? तेथें पडदा, चकती सारें मिळून लॅपटॉपच कमी वीज घेईल, हेंहि मीं दडविलें नाहीं.

वर्गणी जमली, डेस्कटॉप आला. जुन्या चारांपैकीं दोघांत फिरत्या चकतीच्या जागीं एस्एस्डी बसविली आणि लिनक्स घातलें. आमच्या ग्रंथपालबाई त्यांवर ग्रंथसूचि करतात. त्यांची कांहीं तक्रार नाहीं, उलट वीज गेली कीं डेस्कटॉप गप्प बसतो आणि यांतल्या ज्याची बॅटरी अजून शाबूत आहे तो चालूच राहतो, हें त्या मला मुद्दाम ऐकवितात. उरलेले दोन ई-कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांप्रमाणें नोंदणी असलेल्या केंद्राकडे पाठविले, भंगारवाल्याकडे नव्हे.

पुढच्या वर्षीं अर्जाच्या दिवसांत ती मुलगी पुन्हां आली. मीं लगबगीनें खुर्ची पुढें केली, नवें यंत्र सुरू केलें. ती म्हणाली, "सर, अर्ज मीं काल रात्रींच मोबाइलवरून भरला. मला नुसती छापील प्रत हवी होती." मीं प्रत काढून दिली. तिनें पांच रुपये टेबलावर ठेवले, ते मीं परत करूं लागलों. पण पावती फाडून घेतल्याशिवाय ती गेली नाहीं.