घाण्याची पळी आणि एम. ए. ची विद्या

(पालकांच्या सभेंत केलेलें भाषण)



आम्ही गांवच्या शाळेचे मास्तर; पण आज पदवीपुढच्या शिक्षणाविषयीं बोलणार आहोंत. एम. ए. होऊन पोर काय सोन्याचा नांगर धरणार, असें आपण विचाराल. त्याचें उत्तर आपल्या खानदेशांतच दगडावर कोरलेलें आहे.

युरोपांत चौदाव्या ते सोळाव्या शतकांत विद्या व कला यांना नवा बहर आला. त्यास प्रबोधनकाल म्हणतात. फ्लॉरेन्सच्या मोठ्या देवळाचा घुमट १४२० ते १४३६ या काळांत ब्रुनेलेस्कीनें उभारला. तो शिकला होता सोनारकाम! असा काळ समजण्यास एकटा इतिहास पुरत नाहीं. गणित, बांधकाम, चित्रकला, व्यापार, भाषा यांची सांगड घालावी लागते. म्हणून तिकडे पदवीधर विद्यार्थी अनेक शाखांचे गुरु करून हा अभ्यास करतात.

आतां चाळीसगांवजवळच्या पाटणला या. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठीं येथें मठ काढला, असें १२०७ सालचा शिलालेख सांगतो. लेख बहुतेक संस्कृत; पण मठाच्या उत्पन्नाच्या ओळी मराठी आहेत. गिऱ्हाइकाकडून पांच सुपाऱ्या, चालत्या दर घाण्यामागें पळीभर तेल! विद्या आचार्यांची, पण दिव्यांतलें तेल तेल्याचें.

हा लेख लावावा कोणीं? संस्कृतज्ञ श्लोक लावील, गणिती ग्रंथ उलगडील. पण घाणा, माप आणि पळी यांचा व्यवहार, ज्याच्या घरीं घाणा फिरला तोच नीट सांगेल. हेंच घरचें ज्ञान आमचीं मुलें कॉलेजांत जातांना लाजून उंबऱ्याशीं टाकून जातात. अहो, ती लाज नव्हे, तें भांडवल आहे!

विद्या पुण्या-मुंबईस, ही सबब आतां चालणार नाहीं. १९९० पासून जळगांवास विद्यापीठ आहे. २०१८ सालीं त्यास बहिणाबाई चौधरींचें नांव दिलें. असोद्याच्या ज्या लेकीला अक्षरओळख नव्हती, तिचें! धुळ्यास राजवाडे संशोधन मंडळ १९२७ पासून आहे.

घाणेवाल्यांनीं मठाला तेल दिलें. त्यांचीं पोरें तेथें शिकलीं, असा शब्द त्या दगडावर नाहीं. तेल आपण घालावें आणि उजेड दुसऱ्यानें घ्यावा, हें आतां पुरे. मुलगा असो वा मुलगी, पदवीपाशीं थांबवूं नका. पुढें पाठवा, आणि घरची पळी बरोबर द्या.