पिकअपला टायर कोणता घ्यावा?



टायर हा काही व्याख्यानाचा विषय नव्हे, असे कोणी म्हणेल. परंतु आपल्या भागात ज्यांचा संसार एका पिकअप गाडीवर चालतो, अशी कुटुंबे आता थोडीथोडकी राहिलेली नाहीत. खानापूर, जांबोटी, चंदगड या बाजूच्या गावांतून भाजीच्या जाळ्या आणि रताळ्यांची पोती भरून या गाड्या निघतात, कणकुंबीवरून चोर्ल्याचा घाट उतरतात आणि उजाडण्याच्या सुमारास गोव्याच्या बाजारात पोचतात. गाडी बहुधा कर्जाची असते. हप्त्याच्या खालोखाल मालकाच्या मनावर ज्या खर्चाचा भार असतो, तो टायरचा. म्हणून शाळेत विज्ञान शिकविणाऱ्या माझ्यासारख्या माणसाने या विषयावर दोन शब्द बोलावेत, यात मला तरी विसंगती दिसत नाही. शिवाय जुने विद्यार्थी हाच प्रश्न घेऊन येतात : सर, सगळ्या रस्त्यांवर चालणारा, दगडाला न फाटणारा आणि पुष्कळ दिवस टिकणारा टायर कोणता?

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेऊ. गाडीचे ओझे टायरचे रबर उचलीत नाही, ते उचलते आतली हवा. रबर आणि त्यातील धाग्यांचे थर ही त्या हवेची पिशवी. एका चाकावर १,००० किलो भार आहे आणि आत दर चौरस सेंटीमीटरला साडेतीन किलो, म्हणजे सुमारे ५० पौंड दाबाची हवा आहे असे समजा. भागाकार केला की उत्तर येते सुमारे २८५ चौरस सेंटीमीटर. एवढ्याच जागेवर ते चाक जमिनीला टेकलेले असते. मुलांच्या लहान वहीचे एक पान जेवढे असते, त्याहून ही जागा जरा कमीच. घाटातल्या ओल्या वळणावर दीड टन माल आणि दोन-तीन माणसांचे प्राण अशा चार पानांच्या विश्वासावर असतात. हिशेब ढोबळ आहे. टायरच्या भिंतीचा ताठरपणाही थोडे ओझे पेलतो. पण कल्पना येण्यास तो पुरेसा आहे.

आता टायरच्या भिंतीवर काय लिहिलेले असते ते वाचू. समजा, '२१५/७५ आर १५' असे आहे. यातील २१५ ही मिलिमीटरमध्ये टायरची रुंदी. ७५ म्हणजे भिंतीची उंची त्या रुंदीच्या शेकडा ७५. आर म्हणजे रेडियल, आणि १५ हा रिमचा व्यास इंचांत. यापुढे जो लहानसा आकडा आणि एक अक्षर असते, तिकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. आणि माझ्या मते मालाच्या गाडीला तोच आकडा सर्वांत महत्त्वाचा. तो भाराचा निर्देशांक. तो किलोचा आकडा नव्हे, कोष्टकातला क्रमांक आहे. १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, १०४ म्हणजे ९००, १०८ म्हणजे १,०००, ११२ म्हणजे १,१२० आणि १२१ म्हणजे १,४५० किलो. दोन आकडे तिरप्या रेघेने लिहिले असतील, तर पहिला एकेरी चाकासाठी आणि दुसरा, जरा कमी असलेला, जोडचाकांसाठी. त्यापुढचे अक्षर वेगाचे : एन म्हणजे ताशी १४० किलोमीटर, क्यू म्हणजे १६०, एस म्हणजे १८०. घाटात भाजी नेणाऱ्याला या अक्षराची विशेष चिंता नको.

भाराचा आकडा कसा ठरवावा? माल भरल्यावर गाडी एकदा वजनकाट्यावर न्यावी आणि केवळ मागची चाके काट्यावर घेऊन वजन करावे. ते २,००० किलो भरले, तर मागच्या प्रत्येक टायरवर १,००० किलो आले. म्हणजे १०८ हा अगदी काठावरचा आकडा झाला. माल एका बाजूला कलतो, चढणीवर भार मागे सरकतो, खड्ड्यात चाक आपटले की क्षणभर तो कितीतरी वाढतो. म्हणून ११२ किंवा त्याहून वरचा टायर घेणे शहाणपणाचे. गाडीच्या उत्पादकाने पुस्तिकेत जो आकडा दिलेला असतो, त्याच्या खाली तर कधीच जाऊ नये. मात्र अधिक आकड्याचा टायर बसविला म्हणून गाडीत अधिक माल भरण्याची परवानगी मिळत नाही. स्प्रिंग, आस आणि ब्रेक तेच राहतात, आणि कायद्याने लिहून दिलेली मर्यादाही तीच राहते. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून जादा भाराला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे, हेही सांगून ठेवतो.

माझा एक जुना विद्यार्थी अशी गाडी चालवितो. शहरातील एका दुकानात भिंतीवर पांढरी ठसठशीत अक्षरे असलेले, खोल नक्षीचे टायर त्याने पाहिले आणि ते त्याच्या मनात भरले. आकार बरोबर होता, रिमवर बसणार होते. पण ते हौशी जीपगाड्यांसाठी केलेले होते आणि त्यांवर आकडा होता १००. म्हणजे ८०० किलो. त्याच्या मागच्या चाकावर येत होते हजाराच्या वर. रुबाबदार नक्षी आणि आतून दुबळी बांधणी, अशी ती वस्तू. असा टायर पहिल्या फेरीत फुटत नाही, हीच खरी अडचण आहे. तो प्रत्येक फेरीत थोडा अधिक वाकतो, अधिक तापतो, आतले थर एकमेकांपासून सुटू लागतात, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. मग एखाद्या उन्हाळ्याच्या दुपारी तो जातो. त्या मुलाने आकडा वाचला आणि साधे दिसणारे, आठ पी.आर.चे टायर घेतले. पांढरी अक्षरे नाहीत म्हणून तो अजून थोडा नाराज असतो!

हे पी.आर. काय ते सांगितले पाहिजे. पूर्वी टायरमध्ये सुती कापडाचे थर असत. आठ थर म्हणजे बळकट टायर. पुढे नायलॉन, पॉलिएस्टर आणि पोलाद आले आणि दोन-तीन थरांतच तेवढे बळ येऊ लागले. तरी जुनी मोजणी राहिली. आज आठ पी.आर. म्हणजे आठ सुती थरांच्या तोडीचा टायर. आत प्रत्यक्ष आठ थर असतीलच असे नाही. अमेरिकेतील मोठ्या पिकअप गाड्यांच्या टायरवर सी, डी, ई अशी अक्षरे असतात. ती अनुक्रमे सहा, आठ आणि दहा पी.आर. समजावीत.

आता नक्षीकडे वळू. आपल्याकडे ट्रकवाले पुढे रिब आणि मागे लग असा भेद जुन्या काळापासून जाणतात. रिब म्हणजे सरळ लांब पट्ट्यांचा. तो डांबरावर हलका धावतो. लग म्हणजे आडव्या जाड दांड्यांचा. तो ओढून नेतो. चिखलासाठीचा टायर याच्याही पुढे जातो : मोठमोठे ठोकळे आणि मध्ये रुंद मोकळ्या खाचा. सर्व रस्त्यांवरचा म्हणून जो टायर अमेरिकेत १९७० च्या दशकात लोकप्रिय होऊ लागला, तो या दोहोंच्या मधला. ठोकळे मध्यम, एकमेकांत गुंतलेले, वर बारीक चिरा, आणि खांद्यावर भिंतीपर्यंत उतरलेली जाडी.

आपल्या भागात माती दोन प्रकारची आहे आणि टायरचा न्याय दोन्हींत वेगळा लागतो. काळी माती पावसात पिठासारखी चिकटते. खाचा भरून जातात आणि उत्तम नक्षीचा टायरही गुळगुळीत टायरासारखा फिरू लागतो. तेथे खाच रुंद हवी, म्हणजे चाक फिरताना चिखल आपोआप उडून जातो. घाटमाथ्यावर आणि खाली गोव्यात मात्र जांभा आहे. त्यावर पावसाळ्यात तांबड्या राड्याचा पातळ थर असतो आणि खाली जमीन टणक. तेथे रुतण्याचे भय कमी, घसरण्याचे व कापले जाण्याचे अधिक. ठोकळ्यांच्या पुष्कळ कडा असाव्या लागतात आणि रबर असे हवे की खडीच्या धारेने त्याचे तुकडे निघू नयेत. जांभ्याच्या वाटेवर मधल्या नक्षीचा टायर खरा शोभतो. खाचांच्या तळाशी बारीक उंचवटे असतील तर उत्तम. अडकलेला खडा ते बाहेर ढकलतात, नाहीतर तोच खडा हळूहळू आत शिरून पोलादी थरापर्यंत पोचतो.

परंतु माझे मत विचाराल, तर ज्याची गाडी दहातले नऊ किलोमीटर डांबरावर जाते, त्याने या टायराच्या मागे लागू नये. त्याला आवाज अधिक, डिझेल अधिक, आणि मोकळ्या खाचांमुळे डांबरावर टेकणारे रबर कमी. शेतापासून डांबरापर्यंतचा अर्धा किलोमीटर चिखल हा वर्षातून तीन-चार महिन्यांचा प्रश्न आहे. त्यासाठी बारा महिने किंमत मोजण्यापेक्षा मागच्या चाकांना सेमी-लग घेऊन भागते. ज्याची रोजची वाट कच्ची आहे, खाणीच्या रस्त्याची, काजूच्या बागांची, जळाऊ लाकडांची, त्याने मात्र अवश्य घ्यावा. पुष्कळ टिकणारे कडक रबर ओल्या डांबरावर कित्येकदा कमी पकड देते, हेही दुकानदार आपण होऊन सांगत नाही. चोर्ल्याच्या पावसात उतरणाऱ्याने केवळ किती किलोमीटर चालेल एवढेच विचारू नये.

टिकाऊपणाचा हिशेब वहीत मांडावा. समजा, ८,००० रुपयांचा टायर ४०,००० किलोमीटर चालला, तर किलोमीटरला २० पैसे पडले. ११,००० रुपयांचा ५०,००० चालला, तर २२ पैसे. महाग तो स्वस्त, ही म्हण प्रत्येक वेळी खरी ठरते असे नाही. पण त्या महाग टायराने दगडाचे दोन कापे वाचविले असतील, तर हिशेब उलटतो. हे ज्याने आपले जुने टायर कशाने गेले त्याची नोंद ठेवली आहे, त्यालाच कळते. मधोमध झिजलेला टायर सांगतो की हवा जादा होती. दोन्ही कडांना झिजलेला सांगतो की कमी होती. एकाच कडेला झिजलेला असेल, तर चाकांची सरळ रेष बिघडलेली आहे, आणि अशा गाडीला कोणताही नवा टायर घातला तरी तो तसाच झिजणार.

रुंद टायर घालण्याचा मोह तरुणांना फार. २१५ ऐवजी २३५ घातला, बाकीचे आकडे तेच ठेवले, तर चाकाचा व्यास ७०३ मिलिमीटरवरून ७३३ च्या घरात जातो. म्हणजे शेकडा चारांहून अधिक. काटा साठ दाखवील तेव्हा गाडी साडेबासष्टने जात असेल. चढणीवर इंजिन दमेल आणि उतारावर ब्रेकला अधिक जोर लावावा लागेल. वळण घेताना टायर मडगार्डला घासला, तर तो कापला जाण्यास दगडाचीही जरूर नाही.

खरेदी करताना आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. एक, भारतीय मानक संस्थेचे चिन्ह. मालवाहू गाड्यांच्या टायरसाठी मानक क्रमांक १५६३६ आहे, मोटारींच्या टायरसाठी १५६३३. दुसरा क्रमांक असलेला टायर पिकअपला कोणी देऊ लागला, तर घेऊ नये. दुसरी गोष्ट जन्मतारीख. भिंतीवर लंबगोलात चार आकडे असतात : ३२२४ असेल तर २०२४ सालचा ३२ वा आठवडा. न वापरताही रबर म्हातारे होते. गोदामात तीन-चार वर्षे पडलेला टायर सवलतीत मिळाला, तर ती सवलत कोणाच्या सोयीची आहे हे ओळखावे.

टायर बदलायचा केव्हा? खाचांच्या तळाशी मधून मधून आडवे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीवर आली की १.६ मिलिमीटरच खोली उरली, आणि तेथे टायराचे आयुष्य संपले. नव्या टायराची खाच साधारण दहा ते तेरा मिलिमीटर असते. आपल्या पावसाचा विचार करता तीन मिलिमीटरवर आल्यावरच पावसाळ्यापूर्वी नवे घालावेत. शेतमजुरांना किंवा लग्नाच्या वऱ्हाडाला मालाच्या हौद्यात बसवून नेण्याची रीत वाईटच आहे आणि बेकायदेशीरही. पण गुळगुळीत टायरांवर ती चालते, तेव्हा मन कापते. पोती रस्त्यावर पडली तर पुन्हा उचलता येतात.

एकाच आसावर रेडियल आणि साधा टायर असे मिश्रण करू नये. घ्यायचे ते जोडीने घ्यावेत, आणि स्टेपनी त्याच मापाची व त्याच भाराची असावी. हवा पहाटे, गाडी हलण्यापूर्वी, टायर गार असताना तपासावी. रिकामी गाडी आणि भरलेली गाडी यांची हवा वेगळी असते. दोन्ही आकडे दाराच्या आतील पट्टीवर किंवा पुस्तिकेत दिलेले असतात. चिखलातून निघण्यासाठी हवा थोडी काढली असेल, तर डांबरावर येताच ती पुन्हा भरल्याशिवाय पुढे जाऊ नये. नवे टायर बसविल्यावर नट आवळून घ्यावेत, आणि पन्नास ते शंभर किलोमीटर गेल्यावर थांबून ते पुन्हा एकदा आवळून पाहावेत.