मधल्या रानाचा प्रश्न



चंद्रपुरात वाघावर बोलताना जपून बोलावं लागतं. या सभागृहात वाघाचा माग काढणारी माणसं बसली आहेत, वाघ दाखवून घर चालवणारी बसली आहेत आणि वाघामुळे घरातलं माणूस गेलेलीही बसली आहेत. त्यामुळे वाघ का वाचवायचा, हा शाळेच्या फळ्यावरचा प्रश्न मी इथे घेणार नाही. वाघ वाचवायचा आहे, हे मी धरून चालतो. तो वाचतो कुठे आणि कोणाच्या जिवावर, याविषयी मला बोलायचं आहे.

१९७२ च्या गणतीत देशात १,८२७ वाघ मोजले गेले. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ राखीव क्षेत्रांत आपलं मेळघाट होतं. त्या काळी पंजाच्या ठशांवर काच ठेवून ते उतरवून घेत आणि त्यावरून वाघ ओळखत. या पद्धतीतला दोष राजस्थानातल्या सरिस्काने उघडा पाडला. तिथे कागदावर वाघ होते आणि २००५ मध्ये रानात एकही उरला नव्हता. पुढे मध्य प्रदेशातल्या पन्नाचीही तीच गत झाली. सरिस्कानंतर सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखाली कृतिदल बसलं, राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण उभं राहिलं आणि मोजणीसाठी कॅमेरा ट्रॅप आले. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, म्हणून फोटोवरून वाघ ओळखता येतो. वन्यजीवशास्त्रज्ञ उल्हास कारंथ यांनी कर्नाटकातल्या नागरहोळेत हे काम १९९० च्या दशकातच करून दाखवलं होतं. नव्या पद्धतीने २००६ साली देशाचा आकडा १,४११ निघाला आणि सगळे हादरले. २०२२ च्या अंदाजात तो ३,६८२ झाला. महाराष्ट्रात याच काळात १०३ वाघांचे ४४४ झाले.

हे यश मोठं आहे आणि ते आपोआप आलेलं नाही. मे महिन्यात टँकरने पाणवठे भरणारे वनमजूर, शिकाऱ्यांच्या टोळ्यांचा माग काढत परराज्यांपर्यंत गेलेलं मेळघाटचं पथक आणि रोज आपल्या बीटमध्ये पायी गस्त घालणारे वनरक्षक या आकड्यामागे आहेत. २० नोव्हेंबर २०२१ रोजी ताडोबाच्या कोलारा परिक्षेत्रात व्याघ्रगणनेच्या पाहणीसाठी पायी निघालेली एक महिला वनरक्षक वाघिणीच्या हल्ल्यात गेली. ४४४ हा आकडा ज्या मोजणीतून आला, त्याच मोजणीचं काम ती करत होती. हा आकडा उच्चारताना तिची आठवण काढणं मी माझं कर्तव्य मानतो.

पण वाघ वाढला म्हणजे नेमकं काय झालं, ते जंगलाच्या हिशेबाने पाहू. वाघिणीची पिल्लं साधारण दोन वर्षं आईजवळ राहतात आणि मग त्यांना स्वतःचं रान शोधावं लागतं. मादी कधी आईच्या शेजारीच जागा धरते, नराला मात्र दूर जावंच लागतं. एका वाघाला वर्षाला चितळ-सांबराएवढी पन्नासेक जनावरं लागतात. म्हणजे त्याच्या रानात या पन्नासांच्या दसपट जनावरं असली पाहिजेत. ताडोबाचं गाभाक्षेत्र सव्वासहाशे चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. ते भरलं, तसा वाघ बाहेर पडला. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, नागभीड या पट्ट्यात धानाच्या बांध्या आहेत, मामा म्हणजे माजी मालगुजारी तलाव आहेत आणि मध्ये मध्ये झुडपी जंगल आहे. तिथे आज वाघ नुसता येऊन जात नाही, तिथे तो जन्मतो आणि वाढतो. आपण त्याला भरकटलेला म्हणतो, हे मला मान्य नाही. ज्या वाघिणीने त्या नाल्यात पिल्लं घातली, तिच्यासाठी तोच नाला घर आहे.

टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण नर २०१९ मध्ये निघाला. गळ्यातल्या रेडिओ कॉलरमुळे त्याची वाट कळत गेली. विदर्भ, तेलंगणा आणि मराठवाड्यातल्या शेतांतून, रस्ते ओलांडत, सुमारे ३,००० किलोमीटर चालून तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. तिथे त्याला भक्ष्य मिळालं, पाणी मिळालं, मादी मात्र नव्हती. कापसा-सोयाबीनच्या मुलखातून एवढं अंतर तो माणसाच्या वाटेला फारसा न जाता चालला, हे मला त्या अंतराइतकंच महत्त्वाचं वाटतं. त्याला ओढे, नाले आणि बांधावरची झुडपं मिळत गेली. या मधल्या रानाचा आपल्या कोणत्याही विकास आराखड्यात ठळक रंग नसतो.

हे मधलं रान तुटलं तर काय होतं, ते ओडिशातल्या सिमिलीपालमध्ये दिसतं. तिथल्या काही वाघांच्या अंगावर पट्टे इतके रुंद आणि दाट आहेत की ते काळे दिसतात. पर्यटकांना त्याचं अप्रूप वाटतं. बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातल्या उमा रामकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये दाखवून दिलं की एका जनुकातल्या बदलामुळे हे होतं. इतरत्र अतिशय विरळ असलेला हा बदल तिथे इतका पसरला, कारण त्या वाघांचा बाहेरच्या वाघांशी संबंध तुटला आहे आणि थोड्याच वाघांतून सारी पैदास झाली आहे. विदर्भातले वाघ अजून त्या वळणावर नाहीत. कान्हा ते पेंच आणि सातपुडा ते मेळघाट अशी रक्ताची देवाणघेवाण चालू असल्याचं जनुकीय अभ्यासांतून दिसलं आहे. पण ती चालू राहील याची हमी कोणी दिलेली नाही.

या वाटांवर वाघ मरतही आहेत. १५ नोव्हेंबर २०१८ रोजी चंद्रपूरजवळ गोंदिया-बल्लारशा रेल्वेमार्गावर वाघाची तीन पिल्लं एकाच वेळी गाडीखाली आली. शेतात डुकरांसाठी सोडलेल्या जिवंत वीजतारेने वाघ मरतात, ते तर दर वर्षीचं झालं आहे. आणि उपाय नसतो असंही नाही. पेंचमधून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर न्यायालयीन लढ्यानंतर महाराष्ट्राच्या हद्दीत नऊ ठिकाणी प्राण्यांसाठी रस्त्याखालून मार्ग ठेवले गेले. त्यांतला सर्वांत लांब ७५० मीटरचा आहे. वर ट्रक धावतात आणि खालून वाघ, कोल्हे, रानकुत्री ये-जा करतात. कॅमेऱ्यांत ते नोंदलं गेलं आहे. ताडोबालगतच्या लोहारा इथली नियोजित कोळसा खाणही चंद्रपूरकर उभे राहिल्यामुळे थांबली. रस्ता हवा, रेल्वे हवी, वीज हवी. पण जिथे वाघाची वाट आहे तिथे खर्च वाढतो म्हणून पूल कापायचा, याला मी काटकसर म्हणणार नाही.

आता माणसांविषयी. मार्च-एप्रिलमध्ये मोह गळतो, मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम. पहाटे अंधारात निघायचं आणि ऊन चढायच्या आत परतायचं. फुलं वेचणारी बाई तासन्‌तास ओणवी असते. झुडपाआडून पाहणाऱ्या वाघाला उभा माणूस आणि वाकलेली आकृती सारखी दिसत नाही. शिवाय पहाट ही त्याच्याही हिंडण्याची वेळ. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच हल्ल्यात गेल्या. आज राज्यात अशा मृत्यूसाठी २५ लाख रुपये दिले जातात. ती मदत वेळेवर मिळालीच पाहिजे. पण मोह-तेंदू गोळा करणाऱ्या बाईला पहाटे रानात एकटीने जावं लागू नये यासाठी काय केलं, हे विचारल्याशिवाय मी तरी तो विषय मिटला असं मानणार नाही. मोहाखाली जाळी बांधली तर वाकून वेचावं लागत नाही. गटाने जाणं, एकाने लक्ष ठेवणं, वाघिणीसोबत पिल्लं असतील तर त्या कंपार्टमेंटात त्या आठवड्यात न जाणं आणि त्या आठवड्याची मजुरी भरून मिळणं, हे सगळं करता येण्यासारखं आहे. गावागावांतल्या प्राथमिक प्रतिसाद दलांची तरुण मुलं यातलं बरंच काम आज करतात. रात्री-बेरात्री जमावासमोर उभी राहून ती माणसांना आणि वाघाला एकमेकांपासून दूर ठेवतात. त्यांना नियमित मानधन आणि विमा मिळणं हा उपकार नाही, तो त्यांचा हक्क आहे.

या मुलखात वाघ देव आहे, असं शहरातून आलेले पाहुणे कौतुकाने सांगतात. ते खरं आहे. ताडोबाच्या तळ्याकाठी ज्या तारूचं देवस्थान आहे, तो गोंडांच्या कथेप्रमाणे वाघाशी झुंजताना मेलेला गावप्रमुख होता. अकोले-इगतपुरीकडे आदिवासी वाघबारस करतात. गोव्यात सत्तरीतही वाघाची पूजा होते. पण त्याच सत्तरीत, म्हादई अभयारण्यात, जानेवारी २०२० मध्ये एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषाने मेले. त्याआधी वाघाने तिथली गुरं मारली होती. श्रद्धा आहे म्हणून माणूस सगळं सोसेल, असं धरून चालणारं धोरण मला क्रूर वाटतं. गाय गेली की त्या घरचं दूध जातं. पंचनामा आणि पैसे त्याच आठवड्यात झाले, तर मेलेल्या गायीवर विष टाकायची वेळ बहुधा येत नाही.

गावाच्या हातात अधिकार दिला तर जंगल संपेल, अशी भीती आपल्यातल्या काही जणांना वाटते. त्यांनी याच जिल्ह्यातलं पाचगाव पाहावं. वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाल्यावर या गावाने बांबूवर आपला रोजगार उभा केला. आणि तेंदूपत्त्यासाठी फांद्या छाटल्या जातात, वणवे लागतात, म्हणून हातचं उत्पन्न सोडून तेंदू तोडणंच बंद केलं. हा निर्णय ग्रामसभेने घेतला. वाघाच्या वाटांचं काम अशा ग्रामसभांशिवाय होणार नाही, कारण त्या वाटा बहुतेक त्यांच्याच रानातून जातात.

इथे लेखक आणि पत्रकार मोठ्या संख्येने आहेत, म्हणून आपल्या घरचं बोलतो. अरण्यलेखक मारुती चितमपल्ली जून २०२५ मध्ये आपल्यातून गेले. नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट इथे नोकरी करताना त्यांनी रानातल्या माणसांकडून पाखरांची, झाडांची नावं आणि त्यांच्या सवयी ऐकल्या आणि त्या मराठीत आणल्या. ज्याच्याकडून ऐकलं त्यालाच परत वाचता येईल, असं ते लेखन आहे. आज वाघावरचं जवळपास सगळं ज्ञान इंग्रजीत तयार होतं. व्यवस्थापन आराखडे, कॉरिडॉरचे नकाशे, रेल्वेमार्गावरच्या उपायांचे अहवाल, सगळं. ज्या गावाच्या शिवारातून कॉरिडॉरची रेघ जाते, त्या गावाला ती कधी दाखवली जात नाही. आणि मराठीत आपण काय लिहितो? अमुक वाघिणीला पिल्लं झाली, तमुक वाघाने रस्ता अडवला. ताडोबातल्या नावाजलेल्या वाघांवर मजकुराला तोटा नाही. ब्रह्मपुरीच्या नाल्यातल्या बिननावाच्या वाघिणीवर आणि त्याच नाल्याकाठच्या कुटुंबावर मात्र हल्ला होईपर्यंत कोणी लिहीत नाही.

म्हणून या संमेलनापुढे माझी एकच मागणी आहे. ब्रह्मपुरी ते ताडोबा आणि ताडोबा ते उमरेड-कऱ्हांडला या पट्ट्यांतल्या गावांसाठी वाघाच्या वाटांची माहिती साध्या मराठीत आणि जिथे गोंडी बोलली जाते तिथे गोंडीत तयार व्हावी, गावनकाशासह, गट क्रमांकासह. संशोधकांनी माहिती द्यावी, वनविभागाने ती खुली करावी आणि इथल्या लेखकांनी ती लिहून द्यावी. येत्या मोहाच्या हंगामाआधी निदान काही ग्रामसभांत ती वाचली जावी आणि गावकऱ्यांनी तिच्यात आपल्या दुरुस्त्या घालाव्यात. त्या दुरुस्त्यांतून आराखडे बदलावेत, अशी तरतूदही ठरावात असू द्या. मसुदा मी कार्यवाहांकडे दिला आहे.

यानंतरच्या सत्रात सिंदेवाही आणि नागभीड तालुक्यांतल्या प्रतिसाद दलांतली मुलं आणि तेंदू संकलनातल्या बायका बोलणार आहेत. त्यांना कार्यक्रमपत्रिकेत वीस मिनिटं दिली आहेत, ती कमी आहेत. माझ्या भाषणाचा उरलेला वेळ त्यांना द्यावा, अशी संयोजकांना विनंती करतो आणि थांबतो.