सहकाऱ्याच्या मनाची विचारपूस



अंग तापले, पाय मुरगळला, तर माणूस कामावर ते उघड सांगतो. साहेब रजा देतात, सोबती घरी येऊन चौकशी करतात. पण रात्र रात्र झोप नाही, जीव घाबरा होतो, वर्गात उभे राहवत नाही, असे सांगायला किती जण धजतात? ‘डोक्यात फरक पडलाय’ असा शिक्का बसेल, ही धास्ती सगळ्यांनाच असते. त्यातून जो सहकारी शाळेत, एस. टी. च्या डेपोत किंवा कारखान्यात एकटाच मुसलमान असेल, त्याच्या धास्तीला आणखी एक पदर असतो. त्याविषयी आज थोडे बोलणार आहे.

माझ्या परिचयाचे एक गुरुजी आहेत. 2025 साली रमजान मार्चमध्ये आला, म्हणजे ऐन दहावीच्या परीक्षेत. त्या दिवसांत गुरुजींचे काही तरी बिनसले. हजेरीपटात खाडाखोड होऊ लागली, पोरांवर उगाच ओरडणे सुरू झाले. शिक्षकांच्या खोलीत निदान ठरूनही गेले : “रोज्यामुळे होतंय हो!” कुणी कळवळ्याने म्हणाले, कुणी नाक मुरडून. गुरुजींना मात्र कुणी विचारले नाही.

मुख्याध्यापिका बाईंनी एके दिवशी त्यांना बाजूला घेतले. “गुरुजी, थकलेले दिसता. माझ्याकडून काही सोय होण्यासारखी आहे का?” एवढेच विचारले. रोजा सोडा म्हणाल्या नाहीत, की ध्यान करा म्हणाल्या नाहीत. गुरुजी बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “बाई, तीन वर्षं मनाच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत. सकाळची गोळी रोज्यात कशी घेऊ? म्हणून बंदच केली.”

पाहा, दोष रोज्याचा नव्हता. गोळी कुणालाही न विचारता सुटली होती. आणि गुरुजींनी डॉक्टरांना विचारले नाही, तसे डॉक्टरांनीही त्यांना कधी रमजानविषयी विचारले नव्हते! पुष्कळशा गोळ्यांच्या वेळा इफ्तार आणि सहरी यांच्यामध्ये बसवता येतात. सगळ्यांच्या नाही. लिथियमसारखे औषध असेल, तर दिवसभर पाणी न पिण्याने त्याचे रक्तातले प्रमाण वाढण्याचा धोका असतो. काही आजारांत तर झोप मोडणे हेच वाईट. म्हणून हा हिशेब महिना लागण्याआधी डॉक्टरांनी करायचा. आजाऱ्याला रोज्यातून सवलत आहे, हे कुराणातच आहे. पण ते त्याला त्याच्या डॉक्टरांनी किंवा मौलानांनी सांगावे. आपण पोह्यांची बशी पुढे सरकवून सांगू नये.

मनाचा इलाज धर्माला परका आहे, असे काही लोकांना वाटते. अबू झैद अल्-बल्खी नावाचे विद्वान 850 साली जन्मले. शरीर आणि मन या दोहोंच्या निगेवर त्यांनी एकच ग्रंथ लिहिला. कारण ठाऊक असलेले दुःख वेगळे आणि काही कारण नसता दाटून येणारे दुःख वेगळे, हा भेद त्यांनी तेव्हा केला होता. दुसऱ्याला शरीराच्या औषधोपचाराची गरज असते, असेही सांगितले.

आपल्या शेजारी गुजरातेत, मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावा गावी मीरा दातारांचा दर्गा आहे. तिथे 2008 च्या सुमारास ‘दवा आणि दुआ’ नावाचे काम सुरू झाले. मुजावर मंडळींना मनोविकाराची लक्षणे ओळखायला शिकवले आणि दर्ग्याच्या आवारातच डॉक्टर बसू लागले. दर्ग्यावर हिंदूही जातात, हे खेड्यातल्या माणसाला मी सांगायला नको. सहकारी म्हणाला, “दर्ग्यावर जाऊन आलो, बरं वाटलं,” तर हसू नका. “डॉक्टरकडेही जाऊन येऊ या का?” म्हणा.

आता जरा अवघड जागी येतो. कुठे दंगल झाली, स्फोट झाला, की दुसऱ्या दिवशी कामावर काय होते? तो आत आला की बोलणे थांबते. नाही तर कुणी विचारतो, “काय, तुम्हा लोकांचं काय म्हणणं?” जणू त्या बिचाऱ्याने जबाब द्यायचा! तोही कसनुसा हसतो. सतत सावध राहण्याचे हे ओझे रोज रोज वाहिले की झोप जाते, पित्त वाढते, कामात चुका होतात. याला गोळी काय करणार? अशी थट्टा तिथल्या तिथे थांबवणे, हे प्रमुखाचे काम आहे, आणि माझ्या मते सगळ्या समुपदेशनाच्या आधीचे काम आहे.

बाकीच्या सोयी साध्या आहेत. शुक्रवारच्या नमाजाला तासांची अदलाबदल करावी. घरी मयत झाली तर दफन सहसा लवकर, बहुधा त्याच दिवशी होते. तेव्हा रजेचा अर्ज मागून घ्यावा. विधवा झालेल्या भगिनीची इद्दत चार महिने दहा दिवसांची. तिला काय हवे ते तिलाच विचारावे. सगळे सारखे नसतात. कुणी रोजे धरत नाही, कुणाला धर्माचा विषयच नको असतो. कुणाला आपल्याच समाजातला सल्लागार जवळचा वाटतो, तर कुणाला गोष्ट मोहल्ल्यात पोचेल म्हणून तोच नको असतो.

आणि कानावर आलेले पोटात ठेवावे. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचारांची गुप्तता आणि धर्मावरून भेदभाव न होणे, हे रुग्णाचे हक्क मानले आहेत. सरकारी नोकरीत असताना मानसिक आजारामुळे दिव्यांगत्व आले, तर त्या कारणाने कामावरून काढता येत नाही, असे 2016 चा दिव्यांग हक्क कायदा सांगतो. फोनवर बोलायचे असेल तर 14416 हा सरकारचा टेलिमानस क्रमांक आहे. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते.

गुरुजींची गोळी डॉक्टरांनी इफ्तारनंतर घ्यायला लावली. बाईंनी त्यांची दुपारची सुपरव्हिजन बदलून सकाळची दिली आणि कारण कुणालाही सांगितले नाही. 2026 चा रमजान फेब्रुवारीत लागला. त्याआधी, शाबान महिन्यातच, गुरुजी आपण होऊन डॉक्टरांकडे जाऊन आले होते.