ठराव आज मांडणारच

मित्रहो, आणि मुद्दाम उशिरा येऊन मागच्या रांगेत बसलेल्या मंडळींनो,

माझा ठराव गेल्या खेपेला का गळला, हे इथं सगळ्यांना ठाऊक आहे. उगाळत नाही. ‘हा साहित्याचा विषय नाही’ असा शेरा पडला होता. शेरा मारणारे विद्वान जद्द्याला मुशायऱ्याला आले, सोनं घेऊन परतले आणि आखातावर जाडजूड प्रवासवर्णन लिहून मोकळे झाले. त्यात कोर्ट नाही, तुरुंग नाही, मोलकरीणसुद्धा नाही. असो.

त्या वर्णनात नसलेली एक मोलकरीण सांगतो: रिझाना नफीक, श्रीलंकेतल्या मुत्तूरची. जन्मदाखल्यावर वर्ष १९८८, पासपोर्टवर १९८२. सौदीला पाठवता यावं म्हणून एजंटानं सहा वर्षं कागदावर वाढवली. २००५मध्ये सौदीतल्या दवादमीला घरकामाला गेली, तिथं चार महिन्यांचं बाळही तिच्याच हाती दिलं. थोड्याच दिवसांत बाळ दगावलं. दूध पाजताना घुसमटलं, असं ती म्हणत राहिली. गळा दाबला, असं घरच्यांचं म्हणणं. कबुलीजबाब घेतला तेव्हा वकील नव्हता, धड दुभाषी नव्हता. २००७ला मृत्युदंड, ९ जानेवारी २०१३ला शिरच्छेद. जन्मदाखला हरला, एजंटाचा पासपोर्ट जिंकला.

किसास म्हणजे जिवाला जीव; त्यात माफी मयताच्या वारसांच्या हाती. सौदी पोरगा अडकला तर त्याची जमात धावते, शेख मध्यस्थी करतात, दियेसाठी, म्हणजे रक्ताच्या भरपाईसाठी, लाखो रियाल उभे राहतात. मुत्तूरच्या पोरीची जमात कुठली? आणि सौदी म्हणून जन्मलं की भागतं असंही नाही. कतीफचा शिया मुलगा अली अल-निम्र २०१२ला सतराव्या वर्षी पकडला गेला, मृत्युदंड झाला. जगभर ओरड झाली, तेव्हा कुठं २०२१ला सुटला. आता सौदीच्या २०२०च्या फर्मानानं अल्पवयीनांचा मृत्युदंड गेला म्हणून काहीजण टाळ्या पिटतात. गेला तो कागदावर, आणि तोही ताझीरपुरता, म्हणजे न्यायाधीशाच्या अखत्यारीतल्या शिक्षांपुरता. किसासला तो लागू नाही. रिझानाला त्यानं वाचवलं नसतं.

वयाचा विषय निघालाच आहे तर ऐका. माझी जन्मतारीख १ जून. आमच्या वर्गात निम्म्यांची तीच. आई म्हणायची, तू चांदरातीचा. गुरुजी म्हणाले, चांदरात रजिस्टरात मावत नाही, आणि १ जून लिहून मोकळे झाले. महाराष्ट्रात एवढी माणसं या तारखेला जन्मली, पण त्या गुरुजींवर एक कादंबरी नाही! गावच्या देवराईवर आणि आजोबांच्या धोतरावर मात्र शंभर. पुरस्कारही त्यांनाच.

हसू नका. आपला २०१५चा बाल न्याय कायदा वय ठरवताना आधी शाळेचा दाखला मागतो, मग नगरपालिकेचा नाहीतर पंचायतीचा, आणि दोन्ही नसले तर वैद्यकीय तपासणी. पालावरच्या पारधी पोराकडे पहिले दोन बहुधा नसतातच. मग त्याची हाडं बोलणार, आणि हाडं दोनेक वर्षं इकडंतिकडं बोलतात. सोळा पूर्ण झाले की अतिगंभीर गुन्ह्यात पोरावर प्रौढासारखा खटला चालू शकतो. सोळा आणि अठरात अंतरच दोन वर्षांचं! दवादमीवर नाक मुरडण्याआधी एवढं तपासा.

ठराव साधा आहे: आखातात जाणाऱ्या प्रत्येक पोरीचं वय मूळ दाखल्यावरून तपासा, आणि कोर्टात अडकलेल्या माणसाला त्याच्या भाषेचा प्रशिक्षित दुभाषी आपल्या दूतावासानं द्यावा. तो जेवणाआधी मांडणार आहे. बिर्याणी थंड झाली तर जबाबदारी मागच्या रांगेची.