बोटीवरची वही



आमच्या मोहल्ल्याच्या नाक्यावर एका वाण्याचं दुकान होतं. महिनाभर तिथून साखर, चहापत्ती, रॉकेल यायचं, आणि पैशाऐवजी जायची एक वही. वाण्याकडे एक, आमच्याकडे एक. त्यानं त्याच्या वहीत लिहिलं की तेच तो आमच्या वहीत लिहायचा. अम्मी पोरांना बजावून सांगायची, वही घेतल्याशिवाय दुकानात जायचं नाही. आपल्या वहीत नाही ते आपण घेतलेलं नाही.

ही वही मला पन्नाशी ओलांडल्यावर आठवली ती भर समुद्रात. २०२४ च्या फेब्रुवारीत माझा धाकटा भाऊ, जो मस्कतला असतो, त्यानं हट्टच धरला. "आपा, अब्बांनी आयुष्य बोटीवर काढलं, आपण निदान चार रात्री तरी काढू." सिंगापूरहून निघायचं, पेनांग, फुकेत बघायचं आणि परत सिंगापूर. भाऊ, भाभी, त्यांचा चौदा वर्षांचा मुलगा आणि मी. तिकिटं भावानं काढली. मी म्हटलं, बाबा रे, वरखर्च माझा मी करीन. शिक्षण बी. ए., धंदा कवितेचा आणि नोकरी एका पतपेढीत कारकुनाची. म्हणजे हिशेबाला मी कच्ची नाही, असा माझा समज होता.

आमच्या लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून रत्नागिरीला बोट यायची. त्या बोटीवर खर्चाचा प्रश्नच नव्हता. भाकरी आणि तळलेलं सुकं बांगडं घरून बांधून घेतलेलं असायचं. या नव्या बोटीवर मात्र पाय ठेवण्याआधीच हातात एक कार्ड येतं. तेच खोलीची किल्ली, तेच ओळखपत्र आणि तेच पाकीट. रोख पैसे जवळजवळ कुठेच चालत नाहीत. कॉफी घ्या, कार्ड पुढे करा. फोटो घ्या, कार्ड पुढे करा. सगळं तुमच्या नावावर लिहिलं जातं आणि शेवटच्या रात्री बिल निघतं. म्हणजे वाण्याची वहीच. फरक इतकाच, की वही एकच आणि ती वाण्याकडे!

तिकिटात काय येतं आणि काय येत नाही, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यावं. मोठ्या भोजनगृहातलं तिन्ही वेळचं जेवण, साधा चहा, साधी कॉफी, पाणी हे तिकिटात. पण त्याच मजल्यावर, वीस पावलांवर, दुसरं एक छान उपाहारगृह असतं आणि तिथलं जेवण तिकिटात नसतं. पाट्या सारख्या, दिवे सारखे, वाढणाऱ्याचं हसूही सारखंच. सकाळी ताज्या संत्र्यांचा रस पुढे आला तर विचारावं, हा आपला की विकतचा? मला ते फेसाळ कॉफीचं व्यसन लागलं. पाच डॉलरला एक पेला. बिलात तो पाच डॉलर नव्वद सेंटला पडला, कारण पेयांवर १८ टक्के सेवाशुल्क आपोआप चढत होतं. असे तीन पेले मी प्यायले. त्या वेळी डॉलर ८३ रुपयांच्या आसपास होता. गुणाकार तुम्हीच करा, मी केला तेव्हा पेला रिकामा झाला होता.

फोनचं एक सांगते. किनारा मागे पडला की आपला फोन बोटीवरचं उपग्रहाचं जाळं पकडतो, आणि त्याचे दर ऐकले तर माणूस बोलणंच सोडून देईल. हे पैसे बोटीच्या बिलात दिसत नाहीत, घरी गेल्यावर फोन कंपनीच्या बिलात दिसतात. म्हणून फोन विमानात करतो तसा बंद करून ठेवावा. इंटरनेट हवंच असेल तर बोटीचं विकतचं घ्यावं. मी घेतलं नाही. चार दिवस कुणाला माझी आठवण झाली नाही, हेही त्यामुळे कळलं.

दुसऱ्या दिवशी बोट हलायला लागली आणि खलाशाची ही लेक आडवी झाली. भाभी म्हणाली, डॉक्टरला दाखवू. सुदैवानं आधी स्वागतकक्षात विचारलं. तिथे बोट लागू नये म्हणून गोळ्या फुकट मिळाल्या. बोटीवरचा दवाखाना फुकट नसतो. डॉक्टरनं नुसतं तपासलं तरी शंभर-दीडशे डॉलर नावावर लागू शकतात. प्रवासाचा विमा आधीच घ्यावा, तो याचसाठी.

खोलीतल्या टीव्हीवर आपलं चालू बिल बघता येतं. काही बोटींवर फोनच्या अ‍ॅपमध्येही दिसतं. तिसऱ्या रात्री झोप येईना म्हणून मी ते उघडलं. त्यात माझ्या नावावर दोन बिअर! सेवाशुल्कासकट एकवीस डॉलर चोवीस सेंट. श्रोतेहो, आयुष्यात माझ्यावर पुष्कळ आरोप झाले. कवी म्हणून झाले, बाई म्हणून झाले, मुसलमान असून मराठीत का लिहिता म्हणूनही झाले. पण हा आरोप नवीन होता. रात्री अकराला स्वागतकक्षात गेले. रांग नव्हती. तिथल्या मुलीनं ती पावती काढली. सही भलत्याच माणसाची, खोलीचा आकडा शेजारचा. तिनं माफी मागितली आणि दोन मिनिटांत रक्कम वळती केली. हेच मी शेवटच्या सकाळी करायला गेले असते, तर पुढे दोनशे माणसं असती आणि बोट रिकामी करायची घाई. म्हणून सांगते, बिल रोज बघा. मी त्या रात्रीपासून पर्समधल्या डायरीत सगळं लिहायला लागले. अम्मीची दुसरी वही.

डायरीत माझ्या नावापुढे सगळं जमलं, पण भावाच्या नावापुढे ८६ डॉलरचा एक आकडा होता. त्याचा उलगडा होईना. तो पोराचा निघाला. बोटीवर व्हिडिओ खेळांची एक खोली असते. यंत्राला कार्ड टेकवलं की खेळ सुरू. नाणं टाकावं लागत नाही, त्यामुळे खिसा हलका होत नाही आणि पोराला काही कळत नाही. सात हजार रुपयांच्या वर! भाऊ संतापला. पोरगं माझ्यामागे येऊन उभं राहिलं. मी काय बोलणार? चौथीत असताना वहीवर पेपरमिंटच्या गोळ्या मांडायला लावून मी खाल्ल्या होत्या, आणि महिनाअखेरीस अम्मीनं त्या एकेक करून मोजल्या होत्या. मुलांच्या कार्डावर खर्चाची मर्यादा घालता येते किंवा खर्च बंदच करता येतो, हे आम्हाला नंतर कळलं. पहिल्या दिवशी स्वागतकक्षात एक वाक्य बोललं की काम होतं.

आता त्या गोष्टीकडे येते, जिच्यासाठी मी आज बोलायचं ठरवलं.

शेवटच्या रात्री बिल बघताना भाऊ थांबला. "आपा, हे काय? माणशी रोज १८ डॉलर?" ती होती बक्षिसी. अमेरिकी पद्धतीच्या बोटींवर खोली झाडणारे, वाढणारे, भांडी घासणारे यांच्यासाठी माणशी दर दिवसाला अशी रक्कम आपोआप बिलात येते. एका माणसाचे चार दिवसांचे ७२ डॉलर. चौघांचे २८८. रुपयांत तेवीस-चोवीस हजार. काही बोटींवर ती सक्तीची असते. आमच्या बोटीवर सांगितलं तर कमी करत होते किंवा काढून टाकत होते, आणि ती काढायलाच रांग लागली होती. आपल्याकडची माणसंही होती त्यात. एक गृहस्थ मोठ्यानं सांगत होते, "नुसतं 'सेवा आवडली नाही' म्हणायचं, काढतात."

भाऊ चिकट नाही. त्यानं तिकिटांवर लाखांनी खर्च केले होते. त्याचं म्हणणं वेगळं होतं. "तिकिटाचे पैसे घेतले ना? माणसांना पगार कंपनीनं द्यावा. आपल्या खिशातून का?" यात तथ्य आहे, मी नाकारत नाही. पण आमचे अब्बा विलायती कंपनीच्या जहाजावर बटलर होते. दहा-दहा महिन्यांनी घरी यायचे. त्यांच्या पेटीत तंबाखूचा एक पत्र्याचा डबा असायचा आणि त्यात कुठल्या कुठल्या देशांची नाणी, चुरगळलेल्या नोटा. पगार कंपनीकडून घरी यायचा, तो घराला लागायचा. डबा हा त्यांचा स्वतःचा. तो मुंबईत मोडून आणलेल्या पैशांतून माझी कॉलेजची फी भरली. मोहल्ल्यात तोवर मुलगी बी. ए. झालेली नव्हती, आणि काका म्हणाले होते, कशाला शिकवतोस? अब्बा म्हणाले, पगारातून नाही शिकवत.

भाऊ तेव्हा लहान होता. त्याला डबा आठवतो तो खेळायला मिळालेल्या नाण्यांसाठी.

आमची खोली आवरणारा मुलगा मडगावजवळचा होता. माझं मराठी ऐकून तो कोकणीत बोलायला लागला होता. मी त्याला विचारलं, ही बक्षिसी काढली तर तुम्हाला फरक पडतो का? तो चादर घालत होता. म्हणाला, "बाई, ते तुमच्या मनावर," आणि हसला. ते हसू मला ओळखीचं होतं. अब्बा सुटीवर आले तरी पहिले चार दिवस पाहुण्यांसमोर तसेच हसायचे.

भावाला मी डब्याचं सांगितलं. तो काही बोलला नाही. उठून रांगेत जाऊन उभा राहिला. मी लांबून बघत होते. चाळीस मिनिटं गेली. त्याचा नंबर आला, तो दोन वाक्यं बोलला आणि परत आला. मी विचारलं, काय सांगितलंस? म्हणाला, "पोराचं कार्ड बंद करा म्हटलं." प्रवासाची शेवटची रात्र होती ती!

माझं बिल झालं एकशे अकरा डॉलर सत्तर सेंट. बक्षिसी ७२, कॉफी १७.७०, आणि अब्बांसारखी ऐटीत कठड्याला टेकून काढलेल्या एका फोटोचे २२. डायरीशी पैन् पै जुळलं. क्रेडिट कार्ड दिलेलं असेल तर शेवटच्या सकाळी रांगेत उभंच राहावं लागत नाही, रक्कम आपोआप वळती होते. रोख अनामत ठेवायचीही सोय असते, उरलेले पैसे परत मिळतात. आणि बोटीवर किंवा बंदरातल्या दुकानात कुणी विचारलं, रुपयांत वळते करू की डॉलरमध्ये, तर डॉलरमध्ये म्हणावं. रुपयांचा त्यांचा भाव सहसा आपल्याला महागात पडतो.

मी मात्र क्रेडिट कार्ड दिलं नव्हतं. माझ्याकडे ते नाहीच. उधारीची भीती, अम्मीची शिकवण. मी बँकेचं डेबिट कार्ड दिलं. २०२० पासून आपल्याकडे नवं कार्ड परदेशात वापरायचं तर आधी बँकेला सांगून ती सोय सुरू करावी लागते, तेवढं मी केलं होतं. जे कळलं नव्हतं ते असं: बोट कार्ड घेते तेव्हा काही रक्कम राखून ठेवते, आणि खर्च होईल तशी आणखी राखते. शेवटी खरं बिल वेगळं वळतं होतं. राखलेली रक्कम मोकळी व्हायला काही दिवस लागतात, कधी जास्तच. क्रेडिट कार्डावर त्यामुळे फक्त मर्यादा अडकते. डेबिट कार्डावर आपले स्वतःचे पैसे अडकतात.

माझ्या खात्यात ४८ हजार होते. बिल आणि बँकेचा परदेशी व्यवहाराचा आकार धरून साडेनऊ हजारांच्या वर गेले. म्हणजे ३८ हजार उरले, असा माझा हिशेब. पावसाआधी घराचे वासे बदलायचे होते. परत आल्याबरोबर सुताराला ३५ हजारांचा चेक दिला. चेक वटला नाही. खात्यात आणखी साडेनऊ हजार अडकून पडले होते, आणि माझ्या डायरीत त्यांना जागाच नव्हती. पतपेढीत इतकी वर्षं लोकांचे न वटलेले चेक मी परत करत आले. ती चिठ्ठी हातात आल्यावर माणसाचा चेहरा कसा होतो ते मला माहीत आहे. या वेळी माझा तसा झाला असणार.

मुंबईहून गोव्याकडे, लक्षद्वीपकडे आपल्याही मोठ्या बोटी जायला लागल्या. तिथे बिल रुपयांत होतं, पण रीत साधारण हीच. निघण्याआधी विचारा, अनामत किती राखता आणि मोकळी कधी करता. आणि एवढ्यातेवढ्यावर घर चालत असेल तर ज्या खात्यातून चेक द्यायचे आहेत, त्या खात्याचं कार्ड बोटीवर देऊ नका.

मी त्याच संध्याकाळी शेजारणीकडून हातउसने घेतले आणि सुताराच्या घरी गेले. वाटेत काय बोलायचं ते जुळवत होते. पतपेढीचं, बोटीचं, राखलेल्या रकमेचं. त्यानं पैसे मोजले, चेक परत दिला आणि विचारलं, "बाई, बोटीवर मासे बरे मिळाले का?"

मी म्हटलं, "मिळाले, पण काटे काढलेले."

"मग काय उपयोग?" तो म्हणाला आणि वासे मोजायला उठला.